गोदामाचा वास आणि अप्पांचं नाक

लातूरच्या बाजारात ईश्वरप्पांना जेवढा मान होता, त्याहून जास्त त्यांच्या नाकाला होता. माणूस तापट, सरळ बोलेल तर शपथ. पण हिंगाचा खडा तळहातावर घ्यायचा, पाण्याचा एक थेंब टाकायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि एकदाच हुंगायचा, की त्यात पीठ किती, डिंक किती आणि खरा हिंग किती हे अप्पा डोळे मिटून सांगायचे. पाकिटातला हिंग आला आणि दुकान बंद पडलं, त्यालाही सात वर्षं झाली होती. तरी बाजारात कुणाला मालाची शंका आली की पुडी घेऊन अप्पांच्याच ओसरीवर यावं लागायचं. अप्पा आधी त्या माणसाला शिव्या घालायचे आणि मग पुडी हुंगायचे.

धंदा उभा केला होता त्यांच्या वडिलांनी, संगमेश्वरअप्पांनी. दुकान गेलं, तराजू गेले, उरलं ते औसा रोडचं गोदाम. पन्नास वर्षं त्यात हिंग साठवलेला. भिंती, फरशी, लाकडी तुळया, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्यांत तो मुरून बसला होता. त्यामुळे भाडेकरू टिकत नव्हता. एका औषधवाल्यानं गोदाम घेतलं, तर महिन्याभरात त्याच्या खोकल्याच्या औषधाला वरणाच्या फोडणीचा वास यायला लागला. मग साड्यांचा व्यापारी आला. त्याच्याकडचा शालू नेसून एक नवरी मांडवात उभी राहिली आणि पाहुणे पंगतीची चौकशी करायला लागले. शेवटी शिकवणीवाल्यांनी घेतलं. लातूरची पोरं अभ्यासाला वाघ, पण त्या गोदामात अकरा वाजले की सगळी पुस्तकं मिटून डबे उघडायची. सरांनी दोन महिने दम धरला. नंतर तेही स्वतःचा डबा घेऊन यायला लागले आणि शिकवणी बंद झाली.

अप्पा लोकांसमोर चुकचुकायचे, पण मनातून खूश असायचे. दर सोमवारी ते एकटेच गोदाम उघडायचे, आत जाऊन दोन मिनिटं उभे राहायचे आणि परत यायचे. कशाला जाता म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, ‘उंदरं बघायला.’ वडील जाऊन वीस वर्षं झाली होती आणि हा माणूस दर सोमवारी त्यांना भेटायला जायचा, हे त्यांनी स्वतःच्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. जगदेवीबाईंना ते माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांची एकुलती एक मुलगी सुकन्या पाच वर्षं नांदेडच्या विद्यापीठात होती. घरात एवढंच माहीत होतं की पोरगी रसायनाचं काहीतरी करते. ते काहीतरी नेमकं काय, हे एका रविवारी दुपारी जेवताना कळलं. पंगतीला अप्पांचे जुने दोस्त, डाळीचे अडते मन्मथअप्पाही होते.

“अप्पा, मला गोदाम पाहिजे,” सुकन्या म्हणाली.

“कशाला?”

“कोळसा ठेवायला. भाजायचं काम एमआयडीसीत होणार हाय. गोदामात नुसतं चाळायचं अन् पोती भरायची.”

“कोळसा? हाटेल काढतीस का काय?”

सुकन्या एक घोट पाणी प्याली. “शहराच्या मैलापाण्याचं शुद्धीकरण करतेत ना, त्यात खाली गाळ बसतो. तो गाळ वाळवायचा, त्याला रसायन लावायचं अन् हवा लागू न देता बंद भट्टीत भाजायचा. मग धुऊन, दळून काळी भुकटी होते. तिला बारीक बारीक छिद्रं असतेत. कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग, हवेतला वास, सगळं त्या छिद्रांत धरून ठेवते ती.”

अप्पांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मन्मथअप्पांनी ओठाशी नेलेली वरणाची वाटी हळूच खाली ठेवली.

“म्हणजे,” अप्पा म्हणाले, “सगळ्या लातूरनं सकाळी उठून जे केलं, ते तू माझ्या बापाच्या गोदामात आणून ठेवणार?”

“जेवताना काय बोलायलाव दोघं बापलेक!” जगदेवीबाई ओरडल्या.

“अव्वा, भाजल्यावर त्यात मैल्याचं काही राहत न्हाई,” सुकन्या आईला म्हणाली.

“भाजलं म्हणून मैल्याचा हुरडा होत न्हाई!” अप्पा गरजले.

सुकन्या हसली नाही. “अप्पा, महापालिकेनं तीस तारखेपर्यंत जागा दाखवा म्हणून सांगितलंय. न्हाई दाखवली तर गाळ दुसऱ्याला देतील. मी सहा जणांकडं गेले. मैला म्हणलं की दार लावून घेतेत. पाच वर्षं मी याच्यामागं घातली. आता तुम्हीच राहिलाव.”

पोरीचे डोळे भरलेले बघून अप्पांना बरं वाटलं नाही. पण बरं वाटलं नाही की ते जास्त चिडायचे.

“वास धरून ठेवती म्हणतीस ना तुझी भुकटी? मग माझ्या गोदामाचा वास काढून दाखव! तीन आठवडे देतो. वास गेला तर चावी तुझी. न्हाई गेला तर मैल्याचं नाव या घरात काढायचं न्हाई.”

“गेला का न्हाई हे कोण ठरवणार?”

“लातुरात नाकं किती हायती?” अप्पांनी विचारलं.

“एकच,” मन्मथअप्पा पटकन म्हणाले.

सुकन्यानं बापाकडं बघितलं. “चालंल. तुम्ही सांगचाल ते मान्य. पण मन्मथकाकांसमोर शब्द द्या.”

अप्पांनी शब्द दिला. बाजारात त्यांचा शब्द कधी फिरला नव्हता आणि पन्नास वर्षांचा वास काही कुठं जाणार नव्हता. त्यांनी तूप वाढून घेतलं आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सुकन्या कामाला लागली. आईची जुनी लुगडी फाडून तिनं शंभरेक पुरचुंड्या बांधल्या, त्यांत विद्यापीठात तयार केलेली भुकटी भरली आणि गोदामाच्या तुळयांना टांगल्या. खाली परातींमध्ये भुकटी पसरली. फरशी गरम पाण्यानं घासली आणि भिंतींचा सुटलेला चुना खरवडून काढला. अप्पा रस्त्याच्या पलीकडं हॉटेलात बसून हे सगळं बघत होते आणि चहावाल्याला सांगत होते, ‘पोरगी हुशार हाय, पण जिद्द वाया चालली.’

आठवड्यानं ते आत गेले आणि दारातच थबकले. वास होता, पण आधी तो दारातच अंगावर यायचा, आज त्याला शोधत आत जावं लागलं.

मग त्यांनी विचार केला. शब्द काय दिला होता? वास गेला तर चावी. गोदामात नवीन हिंग टाकायचा नाही, असं कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. व्यापारी माणसाला एवढी फट पुष्कळ झाली. त्यांनी घरातली जुनी पितळी डबी काढली. तीत काबुली हिंग होता, दुकानाची आठवण म्हणून जपलेला. दुपारी सुकन्या महापालिकेत गेली की अप्पा गोदामात शिरायचे आणि चिमूट चिमूट हिंग कोपऱ्यात भुरभुरायचे. क्षणभर गोदाम पहिल्यासारखं व्हायचं. अप्पा डोळे मिटून उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर पुन्हा सगळं थंड. एकतर त्या पुरचुंड्या गिळायच्या आणि दुसरं म्हणजे सुकन्या रोज सकाळी कोपरे झाडून काढायची.

यात एक अडचण होती. तुळयांखालून जाताना पुरचुंड्या डोक्याला लागायच्या, खांद्याला लागायच्या. भाजलेला असो की धुतलेला, अप्पांच्या हिशेबी तो मैलाच होता आणि त्यांच्या गळ्यात इष्टलिंग होतं. मैल्याला शिवून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय संध्याकाळची पूजा कशी करायची? म्हणून ते घरी आले की थेट न्हाणीघरात जायचे. कधी पहिल्या अंघोळीनं समाधान व्हायचं नाही, मग दुसरी करायचे.

आता लातुरात नळाला पाणी यायचं पाचव्या दिवशी. ज्या गावात भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं, तिथं माणूस दिवसातून तीनदा अंघोळ करायला लागला तर ते लपून राहत नाही. जगदेवीबाईंनी तीन दिवस पिंप उतरताना बघितलं. चौथ्या दिवशी त्या न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“आज तिसरी ना?”

“उकडायलंय लई,” आतून आवाज आला.

“डिसेंबर हाय.”

आत तांब्या थांबला.

“पितळी डबी पण हलकी झाली,” जगदेवीबाई म्हणाल्या. “एवढा हिंग मी कुठल्या आमटीत घातला, ते आठवंना झालंय मला.”

अप्पा पंचा गुंडाळून बाहेर आले. त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा नव्हता, चोरी पकडली म्हणून चिडलेल्या माणसाचा होता. “पोरीला सांगणार हायस का?”

“सांगितलं कवाच.”

“काय म्हणली?”

“हसली. म्हणली, टाकू दे अप्पाला किती टाकायचा ते, माझा माल अजून चांगला तपासून होतो. मी काय म्हणत न्हाई, टाका. पण तुमच्या अंघोळीचं पाणी आता तुम्ही आणायचं. कोपऱ्यावरच्या बोअरवरनं, कळशीनं.”

झालं ते फार वाईट झालं. त्या दिवसापासून लातूरच्या बाजारातलं ते एकमेव नाक भर दुपारी खांद्यावर कळशी घेऊन गल्लीतून जाताना लोकांनी बघितलं. कुणी विचारलं तर अप्पा म्हणायचे, डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय.

एवढं होऊनही ते थांबले नाहीत. पोरगी हसली हे त्यांना जास्त लागलं होतं. शेवटचे आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. कोपऱ्यातला हिंग सुकन्या झाडून नेते. मग अशी जागा बघायची, जिथं ती हात लावत नाही. अशी जागा एकच होती. अप्पांनी डबीतला उरलेला सगळा हिंग एका पातळ मलमलीत बांधला, मागच्या अंगाची एक पुरचुंडी सोडली, नाक मुरडत, दोन बोटांनी, आणि ती मलमल भुकटीच्या बरोबर मधोमध पुरली. बेत सोपा होता. आदल्या दिवशी यायचं, हिंग काढायचा आणि गोदामभर उधळायचा. माल कुठं ठेवायचा याची अक्कल त्यांना जन्मापासून होती. चाळीस वर्षं चोरापासून, उंदरापासून आणि भागीदारांपासून त्यांनी माल असाच पोत्याच्या पोटात लपवला होता.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांनी पुरचुंडी सोडली. मलमल काढली. एक खडा तळहातावर घेतला, थेंबभर पाणी टाकलं, अंगठ्यानं चोळला, हुंगला.

काही नाही.

परत चोळला. परत हुंगला. गव्हाच्या पिठाची पुसट जाणीव आणि बाकी खडूचा तुकडा चोळावा तसं. त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते सुकन्याच्या भुकटीचं नाही. नाक गेलं, असं आलं. मागच्या त्या करोनाच्या तापात बाजारातल्या कितीतरी लोकांचा वास गेला होता, काहींचा अजून आला नव्हता. अप्पा तेव्हा वाचले होते. आज त्यांची पाळी आली होती. हा माणूस आयुष्यात पैशाला, साहेबाला, कुणालाच घाबरला नव्हता. तो गोदाम उघडं टाकून रस्त्यानं पळत सुटला आणि उमाशंकरच्या किराणा दुकानात शिरला.

उमाशंकर त्यांचाच जुना नोकर. दुकान काढून तीस वर्षं झाली होती, तरी अप्पा आले की उठून उभा राहायचा. “शरणार्थ, अप्पा. काय झालं? घाम किती आलाय.”

अप्पांनी जिऱ्याच्या पोत्यात तोंड घातलं. जिरं आलं. धन्यात घातलं, धने आले, वर त्यांना आतून बुरशी धरल्याचंही कळलं. मिरचीच्या पोत्याशी गेले आणि सात शिंका दिल्या. मग हिंगाची बरणी उघडून हुंगली आणि म्हणाले, “रुपयात बारा आणे पीठ हाय यात, लबाडा.” एवढं बोलून ते पोत्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचं असावं, असं उमाशंकरला वाटलं.

नाक शाबूत होतं. म्हणजे हिंग मेला होता. काबूलचा हिंग, डबीत सात वर्षं राहून ज्याचा दम कमी झाला नव्हता, तो आठ दिवसांत त्या काळ्या भुकटीनं चोखून पांढरा केला होता. अप्पा पोत्यावर बसून बराच वेळ त्याचाच विचार करत राहिले. त्यांना राग यायला हवा होता. आला तो अचंबा. असला माल त्यांनी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. पण तसं कबूल करणं म्हणजे चावी देणं. चावी देणं म्हणजे त्या गोदामात सोमवारी कुणी भेटणार नाही, हे कायमचं मान्य करणं. घरी येऊन ते न जेवता आडवे झाले.

सोमवारी सकाळी दहाला सगळे गोदामाशी जमले. सुकन्या दाराशी उभी होती. रात्रभर झोपली नसावी. आज तीस तारीख होती आणि महापालिकेचा माणूस बारा वाजता जागा बघायला येणार होता. जगदेवीबाई बाजूला पायरीवर बसल्या होत्या. मन्मथअप्पा साक्षीदार म्हणून आलेले आणि उमाशंकरला अप्पांनीच बोलावून घेतलं होतं.

अप्पा आत गेले. मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि श्वास घेतला. ओल्या चुन्याचा वास होता. बिजागऱ्यांच्या लोखंडाचा होता. मन्मथअप्पांच्या खिशातल्या तंबाखूचाही होता. हिंग नव्हता. अप्पांनी पुन्हा छाती भरून श्वास घेतला, भिंतीजवळ गेले, तुळईखाली गेले, ज्या कोपऱ्यात वडील गादी टाकून बसायचे तिथं जाऊन उभे राहिले. तिथंही काही नव्हतं. वीस वर्षं जे झालं नव्हतं ते त्यांना आज झालं. वडील गेले, असं वाटलं. पोरीचा भयंकर राग आला.

एक शब्द बोलायचा होता फक्त. ‘यायलाय.’ त्यांच्या नाकाला उलट उत्तर देणारं नाक लातुरात नव्हतं आणि सुकन्यानं आधीच मान्य केलं होतं. अप्पांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात मन्मथअप्पा मागून म्हणाले, “काय वास हाय, अप्पा! तसूभर कमी झाला न्हाई.”

अप्पांनी मान वळवली. “काय म्हणलास?”

“हिंग हो! डोळ्याला पाणी आलं माझ्या. पोरीला म्हणावं, सोड नाद.” दोस्ताला जिंकवायचं म्हणून मन्मथअप्पा आले होते आणि आपलं काम त्यांनी चोख केलं होतं.

उमाशंकरलाही मागं राहून चालणार नव्हतं. त्यानं नाक वर केलं, दोनदा सूं सूं केलं आणि अप्पांच्याच ढंगात डोळे मिटून म्हणाला, “काबुली हाय. जुना माल. खाली डिंकाचा जरासा मारा.”

अप्पांच्या कपाळाची शीर उठली. “डिंकाचा?”

“जरासा, अप्पा.”

“कुठनं यायलाय?”

उमाशंकरनं हात केला. “या अंगानं दाट हाय. तिकडं पातळ.”

“हरामखोरा!” अप्पा असे ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. “दहा वर्षं तुला मी तळहातावर हिंग चोळून वास घ्यायला शिकवला, त्यो यासाठी? दाट म्हणे, पातळ म्हणे! इथं काय बी न्हाई! हिंग न्हाई, डिंक न्हाई, माझ्या बापाचा खडाभर वास राहिला न्हाई इथं, अन् तुला काबुली यायलाय? अन् मन्मथ, तुला रे? जन्मभर डाळ विकलास तू, तुला काय कळतंय? कुत्र्याला विचारलं तर ते सांगंल, गोदाम साफ हाय म्हणून! माझ्यासमोर, माझ्या गोदामात, हिंगाबद्दल खोटं बोलता?”

बोलून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

जगदेवीबाईंनी पदर तोंडाला लावला होता, त्यांचे खांदे हलत होते. सुकन्या दाराला धरून उभी होती. तिनं हसायला हवं होतं, पण ती ढसाढसा रडत होती.

“आता रडतीस कशाला?” अप्पा खेकसले. “जिंकलीस की.”

“अप्पा, तुम्ही ‘यायलाय’ म्हणला असताव, तर मी मानलं असतं.”

अप्पांनी कमरेची चावी सोडवली. जुनी गाठ होती, लवकर सुटली नाही. “ठाऊक हाय मला,” ते म्हणाले. “म्हणून तर जीभ वळंना झालती.”

त्यांनी चावी तिच्या हातात ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला. मग मन्मथअप्पांकडं वळून, डोळ्याला पाणी येत असेल तर आधी डोळ्याच्या डॉक्टरला दाखव, असं सांगून ते पायऱ्या उतरले.